तोका आली ती संध्याकाळ

शाकाहारी घरात जन्मून मासे धरायचं वेड लागलं, तर माणसाला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. आमचं घर बाळी वेशीतलं, वीरशैवांचं. वडिलांचं भुसार दुकान, आणि सकाळी पूजा झाल्याशिवाय कुणाच्या घशाखाली चहासुद्धा उतरायचा नाही. अशा घरातला मी पंचविशीचा धाकटा मुलगा सुट्टीच्या दिवशी सायकल काढून सीना नदीवर जायचो आणि बांबूच्या काठीनं मासे धरायचो. घरी सांगायचो, हवा खायला जातो. आई माझे हात हुंगून म्हणायची, "हवेला शेवाळाचा वास कसा रे येतो?" मी चिंच आणि राख लावून हात घासायचो, तरी तिला कळायचंच. तिनं वडिलांना कधी सांगितलं नाही, हे तिचे उपकार.

मासे मी खात मात्र नव्हतो. धरायचो, गळ सोडवायचो आणि परत पाण्यात सोडायचो. मला या वेडाला लावणारे मामा यावरून पोट धरून हसायचे. "अप्पा, तू मासं धरायलास का माशाची खुशाली विचारायलास?"

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. मी एका कापड गिरणीत हजेरी लिहिणारा कारकून होतो, आणि ते त्याच गिरणीतून पुढे निवृत्त झालेले, शहराच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर. सगळी गिरणी त्यांना मामा म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. त्यांचं काम ताण्याची टोकं सांधायचं. मागावरचा जुना ताणा संपत आला, की नव्या ताण्याचे हजारो धागे जुन्याच्या टोकांना एकेक गाठ मारून जोडायचे. मामा हे काम करताना हाताकडे बघत नसत. समोरच्याशी गप्पा मारत, पान चघळत बोटं आपली चालूच. धागा कोरडा आहे की दमट, वीस नंबरचा की चाळीसचा, हे ते चिमटीत धरून सांगायचे. आम्ही ऑफिसातली मंडळी पैज लावायचो आणि दर वेळी हरायचो.

मासे धरायला ते कुणाकडून शिकले, याची गोष्ट मात्र दर वेळी वेगळी असायची. कधी एखादा गोरा साहेब, कधी तेलंगणातला आजोळचा कुणी, आणि स्वारी फारच रंगात असली तर कुणीच नाही, स्वतःच. मी एकदा या तिन्ही गोष्टी त्यांच्यासमोर मांडल्या, तर म्हणाले, "तुला मासं पायजेत का माझा दाखला पायजे?"

बाकीचे लोक गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात आणि विडी ओढत बसतात. मामांना ते पटत नसे. त्यांचा गळच किडा असायचा. बारीकशा गळाभोवती करड्या सुताचं अंग गुंडाळायचं, शेजाऱ्याच्या कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचे पंख बांधायचे आणि मागे रेशमाच्या तीन शेपट्या. हा खोटा किडा हातभर नायलॉनला, नायलॉन पिळलेल्या रेशमी दोराला आणि दोर लांब बांबूच्या टोकाला. मनगटाला एक झटका दिला की तो पाण्यावर इतका अलगद उतरायचा, की आता उडून जातोय की काय असं मलाच वाटायचं. वीतभर लांबीचे चंदेरी मासे वर येऊन त्याला टिपायचे आणि फसायचे. पहिल्यांदा ते कोंबड्याचं पीस हातात घेताना माझ्या अंगावर काटा आला होता. मामी, म्हणजे मामांची बायको, तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पुढे मी त्यांच्याच ओसरीवर बसून तसले डझनभर किडे बांधले, पण मामांच्या किड्याची सर माझ्या एकालाही आली नाही.

ज्या खऱ्या किड्याची ही नक्कल, त्याला मराठीत काय म्हणतात ते मला आजही ठाऊक नाही. मामा त्याला तोका म्हणायचे. तेलुगूत तोका म्हणजे शेपटी. बोटाच्या पेराएवढी, करडी, होडीच्या शिडासारखे उभे पंख आणि मागे केसाएवढ्या बारीक तीन शेपट्या. वर्षभर ती नदीच्या तळाशी, दगडाच्या पोटाला चिकटून, बिनपंखाची राहते. मग दिवाळीच्या आगेमागे एखाद्या उबदार, वारा पडलेल्या संध्याकाळी सगळ्याच्या सगळ्या एकदम वर येतात, पाण्यावरच कात टाकतात आणि उडतात. जगतात एखादा दिवस. पण तेवढ्या संध्याकाळी नदीवर जे चालतं, ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. सगळं पाणी उकळायला लागल्यासारखं होतं, इतके मासे वर येतात. अशा वेळी मामा काठी टाकत नसत. दहा-पंधरा मिनिटं नुसते बघत उभे राहायचे, मान थोडी कलती करून. मी तोवर निम्मी नदी ढवळून काढलेली असायची. "घाई करू नको, बघ तरी," ते म्हणायचे. मला कशाचं बघवतंय.

मंगळवेढ्याच्या रस्त्यावर सीनेचा पूल लागतो. शहरापासून सायकलनं पाऊण तास. पुलाच्या अलीकडे नदीकाठी एका शेतकऱ्याचा गोठा होता. माझी काठी घरी ठेवायची सोयच नव्हती, म्हणून मी ती त्या गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवायचो. मामाही मग आपली तिथंच ठेवू लागले. ते मागे कॅरिअरवर बसायचे, मांडीवर मामींनी बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्या चटणीचा वास येत राहायचा आणि मी पायडल मारत राहायचो. माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते ते. तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा फक्त चढ लागला की मामा जड आहेत एवढंच कळायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल माझ्याहून जास्त सोसलेल्या लोकांनी सांगावं. मी फक्त नदीचं सांगतो. सीना आटली. पुलावरून खाली बघितलं की वाळू, वाळूत झिरे खणणाऱ्या बायका, आणि तळाच्या दगडांवर वाळलेल्या शेवाळाचा पापडासारखा थर. मामांनी एक दगड उचलून उलटा केला. त्याच्या पोटाशी कोरडी माती होती. त्यांनी तो दगड होता तसा परत ठेवला, जणू कुणाच्या घराचं दार लावतायत, आणि म्हणाले, "बी मेलं, अप्पा."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, नदी वाहिली. वरच्या एका खोल डोहात जे काही मासे तगले होते ते खाली पसरले. मी लगेच गोठ्यातून काठ्या काढायला निघालो, तर मामांनी अडवलं.

"तोका आली का?"

"नाही. पण मासे आहेत की."

"उपाशी हायेत ते. उपाशी मासा कशालाबी तोंड लावतोय. चिंधी टाकली तरी येईल. उपाशी माशाला गंडवायचं न्हाई."

हा त्यांचा नियम. त्यांचं म्हणणं असं, की खोट्या किड्यानं फसवायचं ते पोट भरलेल्या माशाला. त्याच्यासमोर खऱ्या तोकांची पंगत बसलेली असताना त्यानं आपली नकली तोका निवडली, तर त्यात आपली काही कारागिरी. उपाशीपोटी फसला तर त्यात कसली आलीय मर्दुमकी? आणि नदी पुन्हा माशांना जेवायला घालायला लागली हे कळणार कशावरून, तर तोका परत आली म्हणजे. तोवर काठ्या आढ्याला. त्या वर्षी दिवाळी गेली, तोका आली नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. वरच्या डोहातनं ती एकेक दगड करत खाली यायला लागली असेल, असं मामा म्हणायचे. आम्ही दोन वर्षं नुसते काठावर जाऊन बसायचो आणि परत यायचो. मी मनातून वैतागलो होतो. पण त्यांना न सांगता काठी टाकायची माझी छाती झाली नाही, हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एक आहे.

याच दोन वर्षांत मामांचा डोळा जात चालला होता. डावा त्यांनी आधीच गमावला होता. एका शिबिरात मोतीबिंदू काढला आणि तो डोळा कायमचा गेला. आता उजव्यात मोतीबिंदू पिकत आला होता. समोरच्याचं तोंड त्यांना कढत पाण्याच्या वाफेतून बघितल्यासारखं दिसायचं. मामी ऑपरेशनसाठी मागं लागल्या होत्या. मामा दर वेळी एकच सांगायचे, "हा बी डावीकडच्यासारखा गेला तर? आधी एकदा तोका बघू दे की. मग कापा कुटं कापायचं ते."

मामी मला म्हणाल्या, "तुमीच समजवा. किड्यापायी डोळा घालवायलाय ह्यो माणूस." डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की फार दिवस काढले तर मग काढूनही उपयोग नाही. मी समजावलं. मामा ऐकेनात. शेवटी तडजोड ठरली. दिवाळी चुकली तरी उशिरा का होईना येईल ही मामांची आशा, म्हणून संक्रांतीची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत वाट बघायची, तोवर तोका आली तर उत्तम, नाही आली तरी ऑपरेशन. आणि मामा आता एकटे कुठं जाऊ शकत नव्हते, म्हणून नदीवर नजर ठेवायचं काम माझं.

"तोका दिसली की त्याच पावली तुम्हाला न्यायला येतो," मी म्हणालो, आणि शपथेसाठी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला.

मामांनी माझा हात खाली ओढला. "देवाला मधी घालू नको. नुसता ये."

त्या वर्षी गड्ड्याच्या आधी आठ-दहा दिवस कडाक्याची थंडी पडली होती. आईनं विणलेला तपकिरी मफलर गळ्यात घालून मी कामावर जायचो. आणि ऐन संक्रांतीच्या तोंडावर एकदम हवा फिरली. आभाळ भरून आलं, थंडी गेली, दोन दिवस बारीक भुरभुर आणि वैशाखासारखा उकाडा. पौषात असलं आभाळ म्हणजे ज्वारीचा काळ. जो तो वर बघून शिव्या घालत होता. आमच्या घरी यात्रेसाठी अक्कलकोटकडचे पाहुणे आले होते, तेही हुरड्याचं काय होणार यावरच बोलत होते. घर गच्च भरलेलं. कुणी अंघोळीला, कुणी देवाला निघालेलं. मला त्या गर्दीत कुणी शोधणार नाही हे ओळखून मी दुपारी सायकल काढली. आई दारातून ओरडली, "मफलर घे, आभाळाचं काही सांगता येत नाही." म्हणून उकडत असतानाही मफलर गळ्यात.

तोका बघायला मी निघालो नव्हतो. पौषात तोका येते हे कुणी ऐकलं होतं? मी घरच्या गर्दीला कंटाळून निघालो होतो.

गोठ्यापाशी शेतकरी ज्वारीचं पान हातात घेऊन उभा होता. पान गुळाच्या पाकात बुडवल्यासारखं चिकट, खालून बारीक किडीनं भरलेलं. "चिकटा पडला बगा," तो म्हणाला. "ह्या आबाळानं लई वाटुळं केलं. थंडी पायजे हुती आता. माशांनाबी येड लागलंय, नदीकडं जावा, बगा कसं उड्या मारायल्यात."

मी नदीकडं गेलो.

पाण्यावर तोका होती. म्हणजे, तोकाच होती. पाणी दिसतच नव्हतं. आभाळ करडं, पाणी करडं आणि मधे त्या हजारोंनी उठत होत्या. काही पाण्यावरच पंख वाळवत वाहत होत्या, काही माझ्या सदऱ्यावर, दाढीवर, हँडलवर बसत होत्या. आणि खाली मासे. दोन वर्षांनी पोट भरून जेवणारे मासे. मी सायकल पाडली की उभी केली ते आठवत नाही. एवढं आठवतं, की मी मोठ्यानं हसलो. एकटाच.

यानंतर मी काय केलं ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मी गोठ्याकडे पळालो. माझी काठी काढली तर तिचा शेंडा दुष्काळाच्या उन्हानं उकलला होता. मग मी मामांची काढली. त्यांचा दोर, त्यांनी बांधलेला किडा. आणि नदीवर परत येऊन अंधार पडेपर्यंत मासे धरले. अकरा. त्या आधी आणि नंतर मला एका संध्याकाळी इतके कधी मिळाले नाहीत. मामांची आठवण झाली नाही असं नाही. पहिला मासा धरला तेव्हाच झाली. मी स्वतःला म्हणालो, आणखी एक, मग निघू. दुसऱ्यालाही तसंच म्हणालो. चौथ्या-पाचव्यानंतर म्हणणंही सोडलं.

तुम्ही म्हणाल, शहरात जाऊन त्यांना घेऊन यायला दोन तास लागले असते, तोवर तोका संपली असती. खरं असेल. पण हा हिशेब मी नंतर केला, स्वतःला बरं वाटावं म्हणून. नदीवर असताना मी कसलाच हिशेब केला नव्हता.

परत जाताना वारा सुटला. शहर येईपर्यंत आभाळ फाटलं आणि चांदण्या दिसायला लागल्या. लोक खूश होते, ज्वारी वाचली म्हणून. मी मात्र सायकलवरून उतरून वर बघत उभा राहिलो. थंडी परत आली म्हणजे तोका संपली, एवढं मला मामांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी दुपारी पूर्व भागात गेलो आणि मामांना म्हणालो, "चला, हवा झालीय. आज तोका येईल असं वाटतंय."

मामा ओसरीवर उन्हात बसले होते. त्यांनी हाताची पालथी बाजू वर केली, जणू उन्हाला विचारतायत. "आबाळ गेलं की रं. आज कशी येईल?"

"शेतकरी म्हणत होता."

खोटं बोलायला लागलं की मग एकातून दुसरं निघत जातं. पण मामांना माझ्यावर विश्वास ठेवायचा होता. त्यांनी पटकन टोपी घातली. मामींना म्हणाले, "भाकरी बांध." मामींनी माझ्याकडं इतक्या आशेनं बघितलं, की मी चपला शोधायच्या निमित्तानं खाली वाकलो.

रस्ताभर मामा कॅरिअरवरून बोलत होते. कुठल्या दगडाशी उभं राहायचं, कितव्या माशानंतर थांबायचं. पहिली दहा मिनिटं तूही बघायचंस, काठी उचलली तर बघ, असा दम दिला. गोठ्यापाशी आल्यावर त्यांनी आपली काठी मागितली. मी दिली. त्यांनी सवयीनं रेशमी दोर बोटांतून ओढत नेला, आणि मध्येच बोटं थांबली. त्यांनी तेवढाच भाग पुन्हा एकदा चिमटीतून फिरवला.  मामा आढ्याकडं मान वर करून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "चल."

आम्ही काठावर बसलो. स्वच्छ ऊन, निळं आभाळ, झोंबणारा वारा. पाण्यावर एक किडा नाही. मामा मान कलती करून बसले होते, त्या वाफाळलेल्या एका डोळ्यानं पाण्याकडं बघत. "अजून वेळ हाय," असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्या वेळी मलाच सांगत होते, म्हणजे माझं मन राखायला. ऊन उतरलं. त्यांचे खांदे कुडकुडायला लागले. मी गळ्यातला मफलर काढला आणि त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला. एवढं तरी करू, असं वाटलं.

मामांनी मफलरचं टोक नीट खोचायला हात वर नेला, आणि लोकरीत त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. त्यांनी ते फार हळू सोडवलं. गुंतलेला धागा सोडवताना सोडवायचे तसंच. मग तळहातावर ठेवून नखानं चाचपलं. वाळून कागदासारखं झालेलं, पण मोडलेलं नव्हतं.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन."

तीन शेपट्या होत्या.

मी पाण्याकडं बघत बसलो.

"कवा आलती?"

मी पायाजवळचा एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"काल?"

"काल, मामा."

"दोर दमट लागला तवाच मनात आलं. पण म्हटलं, गोठा गळला असंल भुरभुरीत."

माझ्यावर विश्वास ठेवता यावा म्हणून ते गोठ्याचं छप्पर गळायलाही तयार झाले होते. मला तिथंच नदीत उडी मारावीशी वाटली.

"लई होत्या?"

"लई. पाणी दिसत नव्हतं."

"असं." ते जरा हसलेसुद्धा. दोन वर्षं वाट बघितलेली गोष्ट आली होती, याचा आनंद त्यांना खरोखरच झाला होता. मग त्यांनी विचारलं, "किती धरलास?"

"अकरा."

"सोडलास?"

"सोडले."

"सगळं?"

"सगळे, मामा."

मामा चिडले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी पाय धरून मोकळा झालो असतो. पण त्यांना खरंच कोडं पडलं होतं. माझ्याकडं तोंड वळवून, एखादी न समजलेली गोष्ट लहान मूल विचारतं तसं त्यांनी विचारलं, "सोडायचंच होतं, तर घाई कशाची होती, अप्पा?"

मी त्यांची काठी उचलून दोर गुंडाळायला लागलो. 

त्यांनी ती वाळलेली तोका चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवली. आम्ही परत आलो. वाटेत त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि कॅरिअरवरूनच अर्धी माझ्या हातात दिली. मी एका हातानं सायकल चालवत ती खाल्ली. नको म्हणायचा मला अधिकार नव्हता. मामींनी दारातच विचारलं, "दिसली का?" मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "आली हुती. आता कुटं कापायचं ते कापा."

ऑपरेशन झालं. डोळा डाव्यासारखा गेला नाही. जाड भिंगाच्या चष्म्यातून मामांना दार दिसायचं, ताट दिसायचं, कोण आलं ते दिसायचं. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं, पण यातही समाधान माना. मामी खूश होत्या. धागा मात्र त्यांना दिसत नव्हता. त्याहून बारीक काही दिसायचा प्रश्नच नव्हता. आमच्यात त्या संध्याकाळचा विषय पुन्हा निघाला नाही. मी जायचो, चहा प्यायचो, ते मला पूर्वीसारखेच टोमणे मारायचे. त्यांनी मला केव्हाच माफ केलं होतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर तोका तिच्या ठरल्या वेळी आली. पाच-सहा दिवस मी रोज दुपारीच मामांना नेऊन काठावर बसवत होतो. गिरणीत रजा टाकली, घरी काय सांगितलं ते आता आठवत नाही. सहाव्या दिवशी वारा पडला, हवा उबदार झाली आणि ऊन कलायला लागल्यावर पाण्यातून पहिली तोका उठली. मग दहा, मग शंभर. बघता बघता सगळं पात्र करडं झालं. मासे टपटप वाजायला लागले. मामांनी तो आवाज ऐकला. चष्मा वर सरकवला, मान कलती केली.

"आली?"

"आली, मामा. हे काय, तुमच्यासमोर."

ते त्या जाड भिंगांतून बघत राहिले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाले, "कुटं?"

मी त्यांचा हात धरून पाण्यावर पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं एक तोका येऊन त्यांच्या बोटावर बसली. दुसऱ्या हाताच्या नखानं, तिला उडवू न देता, त्यांनी मोजलं.

"हाय की," ते म्हणाले.

काठ्या गोठ्यातच होत्या. त्या दिवशी मी त्या काढल्या नाहीत.